पंखे पुसल्याचा गुन्हा

तीर्थरूप वन्संना वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात मी खुर्चीत ताठ बसूनच लिहिते आहे, पण नमस्कार वाकूनच पोचला असं समजावं.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, देवाची कृपा. लांबचं आता लख्ख दिसतं पण जवळचं अजून अंधुक आहे, असं तुम्ही फोनवर म्हणालात. तुमच्या बंधूंचं नेमकं तसंच आहे, फक्त ऑपरेशनशिवाय. त्यांना आकाशातलं सगळं दिसतं आणि ताटाशेजारी ठेवलेली रक्तदाबाची गोळी दिसत नाही. तुमच्यासाठी अक्षर मोठं काढते आहे, त्यामुळे कागद जास्त लागणार. तो खर्च त्यांच्या नावावर घालते. गुडघ्यांना तेल लावून घेता ना? आणि मांजरीला पिल्लं झाली असतील तर एवढ्यात कुणाला देऊ नका, आईचं दूध तुटतं.

आमच्याकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे. मी लिहीत नाही. खुशाल नाही.

फोन का केला नाही म्हणाल, तर तुम्ही मुख्याध्यापिका असताना म्हणायचात, तक्रार तोंडी आणली की तिचं भांडण होतं आणि लेखी आणली की चौकशी होते. मला चौकशी हवी आहे. भांडण झालेलं आहे. तुमचे बंधू परक्या माणसासमोर म्हणाले, “अक्कानं सांगितलं तर हे यंत्र मी आत्ताच्या आत्ता भंगारवाल्याला देतो. पण अक्कानंच सांगायला हवं!” त्यांना वाटलं, मी काही एवढ्यासाठी तुम्हाला त्रास देणार नाही. देते आहे. निकाल तुमचा, तो आम्हा दोघांना मान्य. तेव्हा आधी हकीकत नीट वाचा, मग त्या यंत्राला घराबाहेर काढा.

यंत्र म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसेल. फुलीच्या आकाराचे चार हात, प्रत्येक हाताच्या टोकाला मोटार, मोटारीवर पंखा, मधे बॅटरी आणि पोटाखाली वाटाण्याएवढ्या डोळ्याचा कॅमेरा. खालून हातातल्या पेटीच्या दांड्या हलवायच्या की ते वर जाऊन सिनेमा काढतं. तयार मिळतं म्हणे दुकानात. पण तयार घेतील तर ते तुमचे बंधू कसले! त्यांना ते हाड न हाड जोडून स्वतः करायचं होतं. आयुष्यभर लिफ्ट तपासायची नोकरी केली, दोर झिजलाय का, दार नीट लागतंय का, माणसं वर गेली ती खाली येतील ना. निवृत्त झाल्यावर मला वाटलं होतं, आता जरा जमिनीवर राहतील. तर यांना दोराशिवाय वर जायची हौस आली.

जेवायच्या टेबलाची त्या दिवसापासून जी कार्यशाळा झाली ती झाली. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवायला लागलो. वायरी जोडायला डाग देतात त्या गरम सळईनं मेणकापडाला भोक पाडलं, ते दिसू नये म्हणून त्यावर फुलदाणी ठेवली, आणि फुलदाणी मधे येते म्हणून दुसऱ्या टोकाला दुसरं भोक पाडलं. माझा पीठ मोजायचा वजनकाटा गेला, कारण त्यांना एकेक स्क्रू तोलायचा असतो. लोखंडी स्क्रू काढून प्लॅस्टिकचे घातले, वायरींची शेपटं कातरली, गोंदसुद्धा काडीच्या टोकावर घेऊन लावला. “अगं, जेवढं वजन कमी तेवढं ते जास्त वेळ हवेत राहतं.” मी म्हटलं, मग त्याच काट्यावर स्वतः एकदा उभे राहा. तर म्हणाले, “मी कुठे उडतोय?”

मग आला तोल. वन्सं, हा शब्द आमच्या घरात दिवसातून जितक्या वेळा उच्चारला जातो तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर दोघांचं कल्याण झालं असतं. यंत्राच्या बरोबर मध्यावर दोरा बांधून ते टांगायचं. एका अंगाला कललं की बॅटरी नखभर सरकवायची, पुन्हा टांगायचं. टांगायला घरात आकडा एकच, देवापुढचा टांगता दिवा ज्याला असतो तो. मी पूजेला गेले तर दिवा फडताळात आणि देवापुढे हे चार हातांचं लोंबतंय! चार हात आहेत म्हणून काय नमस्कार करायचा का मी त्याला? “देवाला विचारलंत का?” म्हटलं, तर म्हणतात, “देव कुठे नाही म्हणाला?”

एवढ्यावर भागेल तर बरं. यंत्राचा तोल निराळा आणि पंख्यांचा निराळा. पंख्याला दोन पाती असतात. त्यातलं एक पातं दुसऱ्याहून मुंगीच्या पायाएवढं जरी जड असलं, तरी फिरताना मोटार थरथरते. ती थरथरली की कॅमेरा थरथरतो आणि सिनेमा पाण्यात पाहिल्यासारखा येतो. म्हणून पंखा बारीक सळईत ओवायचा, सळई दोन पेल्यांवर आडवी ठेवायची आणि बघत बसायचं. जड पातं आपोआप खाली जातं. मग हलक्या पात्याच्या पाठीवर चिकटपट्टीचा कपटा लावायचा, की पुन्हा बघत बसायचं. हे मला आता सगळं पाठ आहे. मॅट्रिकला भूमिती एवढी पाठ असती तर मी पुढे शिकले असते. प्रश्न असा की, बारीक सळई आणली कुठून? माझ्या विणकामातून! तुमच्यासाठी निळा स्वेटर विणायला घेतला होता. भरल्या टाक्यांतून सुई उपसून नेली त्यांनी. टाके ओघळले आणि तुमचा डावा हात कोपराशीच राहिला. तो स्वेटर अजून का आला नाही याचं कारण तुम्हाला कळावं, म्हणून मुद्दाम लिहिते. माझा आळस नव्हे.

पहिलं उड्डाण दिवाणखान्यात झालं. बाहेर वारा आहे म्हणून आत! यंत्र उठलं, वर्तमानपत्र उठलं, हिशेबाच्या पावत्या उठल्या, आणि सगळ्यांत शेवटी यांच्या लक्षात आलं की खिडकीचा पडदाही उठलाय. यंत्रानं पडदा धरला आणि त्याच्यावरून चढायला लागलं. हे पेटीच्या दांड्या मागेपुढे करत ओरडतायत, “घाबरू नकोस, सगळं माझ्या ताब्यात आहे!” मी टेबलाखाली. त्या दिवशी नामस्मरण जितकं मनापासून झालं तितकं पूर्वी कधी झालं नव्हतं, हा एक फायदा जमेला धरते. पडद्याचा चौथा हिस्सा गेला. उरलेल्यातून दोन उशांचे अभ्रे निघाले.

बाहेर उडवायला लागल्यावर वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई खाली आल्या. कमरेवर हात. “तुमचे हे माझ्या खिडकीत बघतात.” मला इतका संताप आला म्हणून सांगू! आमच्या घरातल्या माणसाला बोलायचा अधिकार माझा आहे, वरच्या मजल्याचा नाही. मी म्हटलं, “बाई, मी ठेवणीतलं नेसून यांच्या पुढ्यात उभी राहिले तरी हे विचारतात, चहा झाला का? तुमच्या खिडकीत यांना काय दिसणार, खिडकी!” तरी खात्री करायला त्यांना यंत्रानं काढलेला सिनेमा दाखवला. त्यात खिडकी नव्हतीच. गच्चीवरची पाण्याची टाकी होती, टाकीचं झाकण सरकलेलं होतं आणि आत एक कबुतर होतं. किती दिवसांचं ते विचारू नका. सबंध इमारत तेच पाणी पीत होती. बाई खिडकी विसरल्या आणि तोंडावर पदर धरून जिन्यानं वर पळाल्या.

त्या कबुतरानं तुमच्या बंधूंचा भाव वधारला. लोक जिन्यात थांबवून विचारायला लागले, यंत्र कसं आहे? (माझ्या कमरेचं कुणी विचारलं नाही.) आणि तळमजल्यावरचे अध्यक्ष घरी आले. हे आमच्या इमारतीचे अध्यक्ष, आणि व्यसनमुक्ती मंडळाचेही अध्यक्ष. माणूस सज्जन, पण बोलायला लागला की आपण पाटावर बसलोय आणि तो व्यासपीठावर, असं वाटतं. समोरच्या रस्त्याला मंडळाचं नवं सभागृह झालं होतं. त्याच्या उद्घाटनाचा सिनेमा वरून काढा, आणि दुसऱ्या दिवशी तो सभागृहातच सगळ्यांना दाखवू, म्हणाले. तुमचे बंधू इतके फुगले की त्यांना वजन कमी करायची गरजच उरली नाही, सोडले असते तर तसेच उडाले असते.

आता वन्सं, इथून पुढे नीट लक्ष द्या, कारण माझ्यावरचा आरोप इथून सुरू होतो.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी यंत्र टेबलावर होतं. घरातली वस्तू चारचौघांत जायची असली की ती मळकी जाऊ द्यायची नाही, हे मला माझ्या आईनं शिकवलं आणि तुम्हीही लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात पितळेच्या कड्या घासायला लावून शिकवलंत. मी पाहिलं, तर पंख्यांच्या पाठीवर चिकटपट्टीचे कपटे! कुणाला एक, कुणाला तीन. कडा काळ्या पडलेल्या, धूळ धरलेली. आता मला सांगा, औषध आणि घाण यांत काही फरक दिसायला नको? औषधाच्या बाटलीवर निदान चिठ्ठी असते. चिकटपट्टी लावतात हे मला ठाऊक होतं, पण ती तोल तपासण्यापुरती असेल आणि काम झालं की काढायची, असं कुणीही धरून चालेल. टाचण्या नाही का आपण शिवून झाल्यावर काढत? मी टाचण्या काढल्या. नखानं खरवडून, सोड्याच्या पाण्यानं पुसून, चारही पंखे असे चकचकीत केले की त्यात तोंड दिसावं. कौतुक तर सोडाच, त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही! म्हणाले, “आज जरा जास्तच गुणगुणतंय, वारा असेल.” सिनेमा तपासून का पाहिला नाही म्हणाल, तर पाहिला. फोनएवढ्या पडद्यावर, उन्हात, जुन्या चष्म्यातून. चष्म्याचा नंबर बदलून घ्या म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते, तर आधी बॅटरी म्हणाले. भाषणाचा आवाज निराळ्या फोनवर धरला होता, तो घाईघाईनं सिनेमाला जोडला आणि गेले मिरवत.

सभागृह गच्च भरलेलं. पुढच्या रांगेत अध्यक्ष, त्यांच्या मिसेस, मंडळाचे देणगीदार. दिवे घालवले. भिंतीवर नवं सभागृह आलं, आणि ओलं कापड पिळावं तसं पिळायला लागलं. खांब नागासारखे डुलतायत. पायऱ्या वर जायच्या सोडून आडव्या वाहतायत. त्या पायऱ्यांवरून अध्यक्ष चढताना दिसले. एक गुडघा एकीकडे, दुसरा भलतीकडे, मिशी डावीकडे आणि हनुवटी उजवीकडे. मागे मंडळाचे कार्यकर्ते ‘व्यसन सोडा’ असा फलक धरून झिंगल्यासारखे हेलकावे खातायत. आणि नेमका त्यावर अध्यक्षांचा गंभीर आवाज, “व्यसनानं माणसाचा तोल जातो! ताठ कसं उभं राहावं? माझ्याकडे बघा!”

सगळ्यांनी बघितलं.

तरीही लोक सभ्यपणानं ओठ चावून बसले होते. पण मागच्या रांगेत मंडळाचे सगळ्यांत मानाचे सुधारलेले गृहस्थ होते, त्यांचा दुसऱ्या दिवशी सत्कार व्हायचा होता. ते बिचारे डोळे भरून येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, अगदी बरोबर काढलंय! मला पूर्वी असंच दिसायचं!”

त्यानंतर जे हसणं सुरू झालं ते दिवे लागले तरी थांबेना. अध्यक्षांच्या मिसेससुद्धा रुमालात तोंड घालून हलत होत्या. मी हसले नाही. (शपथ घेत नाही, उगीच देवाला मधे आणायला नको.)

संध्याकाळी अध्यक्ष दारात. म्हणाले, सिनेमा माझ्यासमोर पुसून टाका, लेखी माफी द्या आणि हे यंत्र पुन्हा या इमारतीतून उडता कामा नये. आणि वन्सं, तुमचे सख्खे बंधू, ज्यांच्यासाठी मी मांडीवर ताट घेऊन जेवले, त्यांनी पंखा उचलून उजेडात धरला, पाठ बघितली, आणि परक्या माणसासमोर मला विचारलं, “हे कुणी पुसलं?” जसा काही मी कुणाचा खून करून रक्त पुसलं होतं! अध्यक्ष म्हणतात, “म्हणजे वहिनींनी घातपात केला?” घातपात! मी! कपडे वाळत घालताना शेजारच्या दोरीवरचा चिमटासुद्धा न वापरणारी बाई! मी म्हटलं, ज्यांचं यंत्र त्यांनी माफी लिहावी. हे म्हणाले, ज्यांचा फडका त्यांनी लिहावी. मला हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं, म्हणाले. सांगितलं होतं, खरं आहे. पण हे तर बादलीपासून बाराखडीपर्यंत प्रत्येक गोष्टीला ‘हात लावू नकोस’ म्हणतात. त्यातलं खरं कुठलं, ते बायकोनं कसं ओळखायचं? तेव्हाच ते तुमचं नाव घेऊन भंगारवाल्याचं वाक्य बोलले आणि खोलीत गेले. सिनेमा तेवढा पुसला, माफी राहिली.

तेव्हापासून यंत्र कपाटावर आहे, त्यावर त्यांनीच चादर घातली. टेबल रिकामं आहे. हे खिडकीशी बसतात, हात मांडीवर ठेवून. काही विचारलं तर ‘हो’. गोळी घेतलीत? हो. बाहेर ऊन आहे? हो. काल भाजीत मीठ घालायला विसरले, तर मुकाट जेवून उठले. म्हणजे आता माझ्या स्वयंपाकाला नावंसुद्धा ठेवायची नाहीत, इतका राग! इतक्या वर्षांच्या संसारात असा अपमान माझा झाला नव्हता. पुन्हा टेबलावर ताटं मांडली तर इतकं मोठं वाटतं ते टेबल, की पलीकडचा माणूस दुसऱ्या गावाला बसल्यासारखा वाटतो.

तर अशी हकीकत आहे. तुम्ही न्यायानं वागणाऱ्या आहात. स्पष्ट लिहा की यंत्र भंगारात जावं, म्हणजे हा विषय संपेल आणि घराला घरपण येईल. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर पोटात घाला. डोळ्यात थेंब वेळेवर घालत जा आणि धूर टाळा.

तुमचा आशीर्वाद गृहीत धरून आणि निकालाची वाट बघत,
तुमची भावजय

ता. क. पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात खालून भंगारवाल्याची हाक आली. म्हटलं, नुसतं विचारून तरी ठेवावं, म्हणून फुटक्या बादलीबरोबर यंत्रही खाली नेलं. (हे डोळे मिटून पडले होते.) त्या मेल्यानं ते एका हाताला धरून कोंबडीसारखं उलटं लोंबकळवलं आणि माझ्या फुटक्या बादलीत टाकून बादलीसकट काट्यावर ठेवलं! “यात काय आहे बाई, नुसतं प्लॅस्टिक.” मी म्हटलं, नुसतं प्लॅस्टिक तुझ्या डोक्यात. ज्याचा एकेक स्क्रू माझ्या घरात पिठाच्या काट्यावर तोललाय, ते बादलीत तोलतोस? दोन्ही हातांनी उचल आधी. त्याला हाकलून दिलं. रागाच्या भरात बादलीही परत आणली. तेव्हा निकालात भंगार हा शब्द घालू नका. दुसरी काहीतरी शिक्षा लिहा.

ता. क. दुसरा. शिक्षा कोणती लिहावी तेही सुचवते. निकाल येईपर्यंत रिकामं काय बसायचं, म्हणून हे दाढीला गेले असताना मी तुमच्या स्वेटरची सुई दोन पेल्यांवर ठेवली आणि चारही पंखे पुन्हा तोलले. तीन मुकाट्यानं वळले. चौथा काही ऐकेना, सारखा एका अंगाला मान टाकायचा. शेवटी कपटा अर्धा कातरला, तेव्हा उभा राहिला. वन्सं, पंखा असा आडवा, स्तब्ध राहतो ना, दार लावून घेतल्यावर देवापुढची ज्योत न हलता उभी राहते तसा. मी जरा वेळ बघतच बसले. चहा उतू गेला. अध्यक्षांना माफीचं पत्रही मी नेऊन दिलं. त्यात चूक कुणाची ते लिहिलं नाही, वारा फार होता असं लिहिलं. वारा काही खुलासा मागायला येत नाही. ते निवळले. सुधारलेल्या गृहस्थांचा सत्कार त्या गोंधळात राहिला आहे, त्याचा सिनेमा काढा म्हणाले, पण तुमच्या बंधूंनी स्वतः येऊन विचारलं पाहिजे. आता मी सांगितलं तर हे ‘हो’ म्हणतील आणि खिडकीशीच बसतील. तेव्हा तुम्ही दरडावून लिहा की, “शिक्षा म्हणून मुकाट्यानं अध्यक्षांकडे जा आणि सिनेमा पुन्हा काढ.” पंखे मी तोलले हे मात्र लिहू नका. उडवण्याआधी ते सुईवर घालून बघतीलच, आणि बघितल्यावर कुणी केलं ते त्यांना कळेल. मग आपणहून स्वयंपाकघरात यायला हवेत. मी काही आधी बोलणार नाही.

ता. क. तिसरा. ही सुई आता मला परत मिळेल असं दिसत नाही. तुमच्याकडची बारीक सुई पाठवता आली तर बघा, नाहीतर तूर्त एका हाताचा स्वेटर घालावा लागेल. सोबत कागदात गुंडाळून सिनेमा साठवायचं नखाएवढं कार्ड पाठवते आहे, हरवू नका. अध्यक्षांनी सिनेमा समोर उभं राहून पुसून घेतला खरा, पण त्याआधी शिवणकामवाल्या बाईंनी एक प्रत करून घेतली होती, ती मी मागून आणली. चांगली वस्तू फेकायची सवय मला नाही. डॉक्टरांना आधी विचारून घ्या, टाके असताना हसलं तर चालतं का, आणि ‘माझ्याकडे बघा’ आलं की कशाला तरी धरून बसा. बघून झाला की लगेच परत पाठवा. तुमच्या बंधूंनी तो अजून एकदाही हसत बघितलेला नाही.